असा माणूस इथं राहत नाही

"खुनी असणार," फॅट्स म्हणाला, आणि डॉमिनोची सोंगटी त्यानं अशी आपटली की टेबलावरच्या बाकीच्या सोंगट्या टुणकन उडाल्या. "नाव तर बघा. थिओफिलस ऑगस्टस लिंडो! असल्या नावाचा माणूस कोंबडी चोरत नसतो. डायरेक खूनच करतो." फॅट्स हातगाडीवर कंद आणि केळी विकतो. काडीसारखा वाळका आहे, म्हणून त्याचं नाव फॅट्स. डेझरीन तिच्या दुकानाच्या लोखंडी जाळीमागून म्हणाली, "खून नाही, बायकांचं प्रकरण. ऑगस्टस म्हटलं की बायकाच." तिच्या पाठीमागच्या फळीवर, बीफचे डबे आणि गोड दुधाचे डबे यांच्या मधोमध, ते पाकीट उभं होतं. तपकिरी, सरकारी. कोपऱ्यात छापलेलं, 'जुन्या शिक्षांची नोंद'. पोटावर लाल शिक्का, 'गोपनीय', एवढा मोठा की पलीकडच्या रस्त्यावरून बसनं जाणाऱ्यालाही वाचता यावा. पत्त्यात नुसतं टॅमरिंड लेन, किंग्स्टन. घराचा नंबर नाही, म्हणून टपालवाल्यानं ते दुकानात टाकलं आणि सुटला. साधं पाकीट असतं तर डेझरीननं एव्हाना त्यावर चीज कापून दिलं असतं. पण गोपनीय म्हटल्यावर अख्खी गल्ली दर्शनाला आली. मी म्हटलं, "अरे येड्यांनो, असा माणूसच नाही. सरकारी कारकुनाला डुलकी लागली, डोकं टाइपरायटरवर आपटलं आणि जे उमटलं ते हे नाव." सगळे हसले. लोक हसले की मला बरं वाटतं. हसणाऱ्याला प्रश्न सुचत नाहीत. फक्त मिस आयसी हसली नाही. ती पाव घ्यायला आली होती. एकाहत्तर वर्षांची, पाठ अशी ताठ की जणू अजून पोस्टाच्या खिडकीमागच्या स्टुलावरच बसलीय. एकतीस वर्षं तिनं त्या खिडकीत काढली. "जिगी," ती म्हणाली, "सरकार चुकतं. टपाल चुकत नाही. या गल्लीत असं एकही नाव नाही ज्याचा धनी मला सापडणार नाही." आणि माझी जीभ, नेहमीसारखी, माझ्या आधी घरातून बाहेर पडली. "लागली पैज?"

"लागली. शनिवारी दुपारी बारापर्यंत. सगळ्यांच्या समोर धन्याच्या हातात देईन."

"आणि नाही दिलंत तर फॅट्सच्या हातगाडीत बसायचं, डोक्यावर डेझरीनचं पातेलं, आणि इथपासून चर्चच्या फाटकापर्यंत ओरडत जायचं, 'मी टपालवाली, मला माझी माणसं ओळखता येत नाहीत!' पुढं मी ताट बडवत चालेन."

"आणि दिलं तर?"

"तर वर्षभर दर रविवारी पांढरा सूट घालून चर्चमध्ये तुमच्या शेजारी बसेन."

"आणि गाशील," ती म्हणाली.

"आणि गाईन!"

गल्ली खदखदली. डेझरीननं जाळीवर हात आपटला. मिस आयसीनं पाव काखेत मारला आणि गेली. मीही हसत हसत आमच्या यार्डात आलो, चार खोल्यांना एक असलेल्या नळाखाली डोकं धरलं आणि पाणी बंद करायचं विसरलो. कारण थिओफिलस ऑगस्टस लिंडो म्हणजे मीच.

आमच्याकडं पोराला दोन नावं असतात. एक रोजचं, ते गल्ली ठेवते, आणि ते तुमच्यापेक्षा गल्लीचंच असतं. दुसरं खरं नाव. ते कपाटातल्या सुटासारखं. बाप्तिस्म्याला निघतं, शाळेच्या पहिल्या दिवशी निघतं, कोर्टात निघतं, आणि मेल्यावर रेडिओवर मरणाच्या बातम्या वाचतात तेव्हा निघतं, तेही 'ऊर्फ' जोडून, नाहीतर रडायला कोणी येणार नाही. माझं खरं नाव आजोबांनी बायबल उघडून ठेवलेलं. आईनं ते फक्त रागासाठी राखून ठेवलं होतं. जिगी म्हणजे जेवायला ये. जिगी म्हणजे पाणी भर. पण थिओफिलस ऑगस्टस लिंडो असं तिन्ही तुकड्यांत, चुलीपाशी उभं राहून, डाव हातात घेऊन हाक आली की समजायचं, शेजारच्या बकरीला आपण आईचा रविवारचा झगा घातलेला तिला कळलंय. रागाशिवाय ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. म्हणूनच तर घात झाला. एकोणीस वर्षांचा होतो. गांजाची एक विडी, अर्धी ओढलेली, उरलेली अर्धी कानामागं. जीपमधून दोघं उतरले आणि माझा कान धरला, विडीसकट. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, शेजारच्या माणसानं दिलेलं संत्रं सोलत. दारातून शिपायानं हाक दिली, "थिओफिलस लिंडो." सपाट आवाजात, जांभई देत. दोनच तुकडे, आणि राग अजिबात नाही. मी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि शेजारच्याला म्हटलं, "काय बिचाऱ्याला नाव ठेवलंय." तो हसला. शिपायानं दुसऱ्यांदा हाक दिली. मीही मान वळवून बघितलं, कोण उठतोय. तिसऱ्यांदा हाक आली आणि दार बंद झालं. विडीवर मी ताकीद घेऊन सुटलो असतो, त्या सकाळी तिघे तसेच सुटले. पण बोलावूनही आला नाही, कोर्टाची टिंगल करतो, बाहेर हसताना दिसला. तीस दिवस. मॅजिस्ट्रेट म्हणाली, तुला हे फार विनोदी वाटतं का? मला खरंच वाटत होतं. गांजा शब्दसुद्धा आमचा नाही हो, उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी बोटीतून आणला. शब्द त्यांचा, झाड देवाचं आणि शिक्षा तेवढी थिओफिलसची.

आईनं गल्लीला सांगितलं, जिगी मावशीकडं गेलाय, सेंट थॉमसला, मावशीचा पाय मोडलाय. महिन्यानं परत आलो तर लोक विचारायला लागले, मावशीचा पाय कसा आहे? मी म्हटलं, पाय बरा आहे, पण आता मावशी नाचत सुटलीय, आवरत नाही. लोक हसले. त्या दिवशी मला धंदा सापडला. तेव्हापासून सव्वीस वर्षं मी हसवतोय. फॅट्सच्या केळ्यांना मी निळा रंग दिलाय, पाद्रीबाबांच्या घंटेच्या दोरीला कोंबडा बांधलाय, मिस आयसीला तर मी तीनदा लग्नाची पत्रं पाठवलीत, तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांच्या नावानं. तिनं तिन्हींतल्या व्याकरणाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून ती माझ्या दाराखालून आत सरकवली. कोणी म्हणेल, हा केवढा आनंदी माणूस. आहेच मी आनंदी. पण कॅनडात सफरचंदं तोडायला माणसं निवडली तेव्हा यादीत माझं नाव होतं आणि पोलिसांचा दाखला आल्यावर नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, मला थंडी सोसत नाही. हॉटेलात माळ्याचं काम होतं, तिथंही दाखला. म्हटलं, फुलांनी शिंका येतात. समोरचा माणूस कागद वाचतो, वाचता वाचता एका ओळीवर थांबतो, आणि मान वर करून पहिल्यांदा आपल्याकडं बघतो. ती नजर मी ओळखतो. आधी मी माणूस असतो, मग तो कागद असतो, आणि मग मी त्या कागदाची फोटोकॉपी असतो. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी मावशीचाच विनोद सांगत होतो. ती डोळे मिटून म्हणाली, "पुरे रे आता, थिओ." तिनं रागाशिवाय ते नाव घेतलं ते तेवढं एकदाच, आणि मला तेव्हाही ओ देता आली नाही.

दोन वर्षांपूर्वी गांजाचा कायदा बदलला. आता मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान आहे, आत थंड हवा, पांढरा कोट घातलेली मुलगी, बरण्यांवर सुंदर लेबलं, आणि समुद्रावरून भाजून आलेले लाल लाल पाहुणे आत वास घेत उभे. मी एकदा बाहेरून बघत होतो, नुसतं. वॉचमन म्हणाला, "काका, इथं उभं राहू नका, गिऱ्हाइकं घाबरतात." त्याच कायद्यानं जुन्या बारीकसारीक शिक्षा पुसायच्या ठरल्या. मी अर्ज केला. साहेब भला होता, म्हणाला, एकदा पुसलं की पुसलं. कोणी तुम्हाला विचारायचं नाही, आम्ही कोणाला सांगायचं नाही, जसं काही ते झालंच नाही. पोलिसांचा नवा दाखला आला, कोरा. तो घेऊन मी मिसेस ब्रिसेटकडं गेलो. तिची शाळा आहे, लहान मुलांची, आणि बस आहे पिवळी, आणि ड्रायव्हर नव्हता. पोरं मला लांबून ओळखतात. बसमध्ये कोण रडतंय आणि त्याला कसं हसवायचं हे मला कळतं, आणि हे एक काम जगात असं आहे की जिथं माझा आचरटपणा कामाचा भाग आहे. मी आयुष्यात दुसरं काही इतकं मनापासून मागितलं नव्हतं. तिनं दाखला बघितला, मला गाडी चालवायला लावली, आणि म्हणाली, "याआधी एक आला होता. त्याचाही दाखला कोरा होता. मग कळलं की पुसून घेतलाय. मिस्टर लिंडो, मी तीस वर्षं शिकवतेय. कोरी पाटी आणि पुसलेली पाटी यांतला फरक मला कळतो. तुम्ही कोर्टाची पायरी चढलाय कधी?" मी म्हटलं, "बाई, मला गुडघ्याचा त्रास आहे, मी कुठलीच पायरी चढत नाही." ती हसली. म्हणाली, पुढच्या शनिवारी तुमच्या गल्लीत येईन, चार लोकांना विचारेन, मग सोमवारपासून बघू. दाखल्यावर तिनं थिओफिलस वाचलं नव्हतं, तिची नजर सरळ 'काही नाही' या शब्दांवर गेली होती. आणि फॉर्मवर मी नाव लिहिलं होतं टी. लिंडो. गल्लीत लिंडो पोत्यानं आहेत. हे सगळं शुक्रवारी झालं, आणि सोमवारी पाकीट आलं. आत काय असणार हे मला न उघडता ठाऊक होतं. आपली शिक्षा पुसण्यात आली आहे, ही बाब गोपनीय राहील.

त्या आठवड्यात मी दुकानासमोरून किती वेळा गेलो असेन. पाकीट मागायचं तर नाव सांगावं लागणार, चोरायचं तर जाळी. डेझरीनला म्हटलं, "दे, मी पोस्टात परत टाकून येतो." ती म्हणाली, "वा रे वा! पैज लागलीय, पाकीट हलायचं नाही." बीफच्या डब्यावरचा बैल माझ्याकडं बघायचा, आणि त्याच्या शेजारून ते पाकीट. जेवण जिभेवर खडूसारखं लागायचं. खडूच. मिसेस ब्रिसेटच्या पाटीचा. इकडं मिस आयसीनं वही काढून घरोघर खऱ्या नावांची वसुली सुरू केली होती. गल्लीत हसून हसून लोकांची पोटं दुखली, कारण फॅट्स निघाला कॉर्नेलियस आणि डेझरीन निघाली डेझरीनच, ती त्यामुळं दोन दिवस नाराज होती. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नुसतं जिगी. आईला घाई होती." मिस आयसीनं ते वहीत लिहून घेतलं. गुरुवारी सकाळी मी नळावर शर्ट पिळत होतो तेव्हा ती परत आली. वही नव्हती.

"जिगी, तुझी आई रागावली की तुला काय म्हणायची रे?"

"देवाचा मार म्हणायची."

"हं." तिनं नळ बघितला, भिंत बघितली, जिथं आमची चूल होती ती जागा बघितली. "माझी खिडकी त्या वेळी इकडं उघडायची. मी दुपारी जेवायला घरी यायचे तेव्हा तुझी आई वर्दी द्यायची. अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पण गल्ली आता मेली निम्मी, आणि उरलेली तेव्हा जन्मली नव्हती." मी शर्ट पिळतच राहिलो. त्यात पाणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, "तुझी मावशी कशी आहे?"

"मेली."

"पाय बरा होता ना पण?"

आणि गेली. झालं. संपलं, म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या फाटकाशी गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं, एकच, साधं. ती व्हरांड्यात वाटाणे सोलत होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "मिस आयसी, पांढरा सूट भाड्यानं आणलाय, पण पँट आखूड आहे, देव बघेल ना?" ती म्हणाली, "देव पँटी बघत नाही." मग बराच वेळ वाटाणे सोलायचा आवाज. टप. टप. मी तिथं उभा होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की मला दुसरं काही बोलताच येत नाही. सव्वीस वर्षांत साधं बोलायची वाट बुजून गेली. ती वाट बघत होती, मला दिसत होतं. मी सलाम ठोकला आणि उड्या मारत परत आलो.

शनिवारी पावणेबारालाच गल्ली दुकानासमोर जमली. फॅट्सनं हातगाडी धुऊन आणली होती, पण कंदांची माती फळ्यांतून जात नाही. मिसेस ब्रिसेट आली, छत्री घेऊन, आणि मी धावत जाऊन तिला खुर्ची दिली. "हे काय चाललंय?" तिनं विचारलं, आणि डेझरीननं हौसेनं सगळं सांगितलं, पाकीट जाळीतून बाहेर काढून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. मिसेस ब्रिसेटनं कोपरा वाचला. शिक्का वाचला. "म्हणजे कोणीतरी पुसून घेतलंय," ती म्हणाली. "याच गल्लीतला?" मग नाव वाचलं, ओठ हलवत, आणि 'लिंडो'पाशी थांबली. मान वर केली. ती नजर. "मिस्टर लिंडो, हे तुमच्या नात्यातले का?"

"बाई, या गल्लीत कुत्रीसुद्धा लिंडो आहेत," मी म्हटलं. लोक हसले. ती हसली नाही.

मिस आयसी आली. रविवारची टोपी, पांढरे हातमोजे, पोस्टातली काळी पर्स. बाराचा भोंगा झाला. तिनं डेझरीनकडून पाकीट घेतलं आणि समोर उभ्या असलेल्या एकेकाच्या चेहऱ्याकडं बघितलं, खिडकीतून रांगेकडं बघावं तसं. माझ्यापर्यंत आली. थांबली नाही, पुढं गेली. तसं न थांबणं मी कधी बघितलं नव्हतं. मिसेस ब्रिसेट उठून उभी राहिली. "तुम्ही पोस्टात होतात ना? तुम्हाला माहीत असेल. कोण आहे हा?"

"एकतीस वर्षं होते," मिस आयसी म्हणाली. "तेवढ्या वर्षांत एक पाकीट मी चुकीच्या हातात दिलं नाही. या नावाचा माणूस मला सापडला नाही."

"आँ?" फॅट्स म्हणाला. "मिस आयसी, अहो, हरलात?"

"हरले."

तिनं पर्स उघडली, लाल शाईचं पेन काढलं, डेझरीनच्या टेबलावर वाकून पाकिटावर लिहिलं. अक्षर तेच, माझ्या प्रेमपत्रांतल्या चुका दुरुस्त करणारं. 'पत्ता बरोबर. असा माणूस इथं राहत नाही. परत पाठवावे.' मग ते पर्समध्ये टाकून तिनं पर्स बंद केली, खट्कन. माझी शिक्षा पुसल्याचा एकमेव पुरावा आत गेला. मिसेस ब्रिसेटला पोस्टाचा शब्द पुरला, ती परत खुर्चीत बसली. मग ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "सोमवारी सहाला या, मिस्टर लिंडो. मुलं वेळेवर पोचली पाहिजेत." मी म्हटलं, "हो बाई." तेवढंच आलं, त्याला विनोद जोडायचा राहिला. खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं, थांबा, पाकीट माझं आहे, ही बाई खोटं बोलतेय. दोन वाक्यं. पण दुसऱ्या वाक्यानंतर सोमवार उरला नसता.

मिस आयसीनं टोपी काढून डेझरीनच्या हातात दिली. तिचे केस किती विरळ झालेत हे गल्लीनं त्या दिवशी बघितलं. फॅट्स म्हणाला, "राहू द्या मिस आयसी, गंमत होती." ती म्हणाली, "पैज ती पैज. गाडी धर." आणि ती चढली, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, कारण दुसरं कोणी जवळ नव्हतं. मातकट फळ्यांवर पांढरा झगा आवरून बसली. मी तिच्या डोक्यावर पातेलं ठेवलं. मीच ठेवलं, ठरलंच होतं तसं. गाडी निघाली. दाराखिडक्यांतून माणसं, पोरं मागं धावत, कोणी शिट्ट्या मारतंय, आणि मी पुढं, ताट आणि डाव घेऊन. "मी टपालवाली!" तिचा आवाज स्वच्छ होता, एकेक अक्षर सुटं. "मला माझी माणसं ओळखता येत नाहीत!" मागं मिसेस ब्रिसेट छत्री टेकवून डोळे पुसत हसत होती. कोपऱ्यावर गाडी खड्ड्यात अडकली, फॅट्स चाक उचलायला वाकला, पातेलं मिस आयसीच्या कपाळावर घसरलं. मी ते सावरायला मागं वळलो आणि ताट वाजवायचं थांबलं. तिनं पातेल्याखालून माझ्याकडं बघितलं.

"वाजव," ती हळूच म्हणाली. "जोरात वाजव, मेल्या. लोक तुझ्या तोंडाकडं बघतायत."

मी वाजवायला लागलो.